सातवाच महिना

मिठाची पहिली ओढ अवकाळी पावसानं खाल्ली आणि तिथून सगळं बिघडत गेलं. वाफ्यांत मीठ धरलं होतं, दोन दिवसांत दंताळ्यानं ओढून बांधावर काढायचं म्हणून मिठागरावरची सगळी माणसं कंबर बांधून बसली होती, आणि भर दुपारी आभाळ फाटलं. संध्याकाळी वाफ्यांत नुसतं गढूळ पाणी आणि बांधावर माणसं डोक्याला हात लावून. मग पुन्हा पहिल्यापासून. पाणी काढा, चिखल तुडवा, पायांनी तळ ठोकून ठोकून घट्ट करा, पंपाचं खारं पाणी सोडा आणि उन्हाची वाट बघा.

त्यातच मुकादमानं नवा कायदा काढला.

"ज्या घरात दोन दंताळी चालतील त्यालाच वाफे," तो म्हणाला. "एकट्यानं ओढलं की अर्धं मीठ तळाशी दगड होऊन बसतं. मला मालकाला तोंड दाखवायचं असतं."

"आणि पोटुशी बाई असली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"सातवा संपला की घरी. मागे एक घसरून वाफ्यात पडली, तिची बोलणी मी खाल्ली. आता नाही."

बायका हसल्या. थोरली हसली नाही.

मिठागरावर कुणाला कुणाच्या नावाशी देणंघेणं नसतं. ही सासू म्हणून थोरली, तिची सून म्हणून ती धाकटी, झालं. थोरलीचा एकुलता एक मुलगा गेल्या हंगामात पंपाच्या पट्ट्यात हात देऊन बसला होता. उजव्या हाताची दोनच बोटं शिल्लक राहिली, आणि दोन बोटांत दंताळ्याचा दांडा टिकत नाही. तेव्हापासून तो घरी चूल बघायचा. रोज काहीतरी करपवायचा आणि वर ज्याच्या त्याच्यावर डाफरायचा. म्हणजे घरात दंताळी दोन, ती या दोन बायकांची. वाफे गेले तर त्याबरोबर मिळालेली खोलीही जाणार, आणि दुसरीकडे कुठे जायचं हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आणि चार दिवसांपूर्वीच धाकटी बांधाआड ओकताना थोरलीनं पाहिली होती.

धाकटी म्हणजे अजून पोरच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंगात रक्त कमी, पाळीचा कधी नेम नव्हता, दोन-दोन महिने पत्ता नसायचा, त्यामुळे तिला स्वतःला काही कळायचा प्रश्नच नव्हता. थोरलीला मात्र एका नजरेत कळलं. तिनं हे स्वतः पाच वेळा भोगलं होतं आणि त्यातला एकच हाताला लागला होता. पोरीच्या गळ्याची शीर, छातीवरचा ताण, सकाळच्या धुराचा येणारा कंटाळा; दिवस गेले होते, आणि आजकालचे नाही, चांगले दोन-अडीच महिने झाले असणार. थोरलीनं मनातल्या मनात हंगामाचे महिने मोजले. शेवटची ओढ होईतो पोरीचे नऊ भरत होते. मुकादमाच्या हिशेबानं ती मधेच घरी बसणार आणि वाफे दुसऱ्याला जाणार.

"आई, मला सारखं मळमळतंय हो," धाकटी म्हणाली.

"पित्त आहे ते," थोरली म्हणाली. "उपाशी पोटी चहा ढोसतेस, दुसरं काय होणार?"

बोलून गेली, आणि मग ते तसंच चालू ठेवणं भाग पडलं. पुढे पोरगी म्हणाली, पोटात काहीतरी वळवळतंय. तर ही म्हणाली, वारा धरलाय, कुशीवर झोप. पोरीला खरं सांगून तोंड बंद ठेवायला सांगता आलं असतं. पण धाकटीला खोटं बोलणं म्हणून जमत नव्हतं. साधं मीठ उसनं दिलं तरी सगळ्या चाळीला सांगत सुटायची. शेवटी पोट झाकेना झालं तेव्हा थोरलीनं एका सकाळी गालाला हात लावला.

"अगं बाई! तुला दिवस गेलेत की काय गं? तिसरा असेल बघ."

धाकटी लाजली, मग रडली, मग चाळीतल्या तिघींना सांगून आली. मुलानं त्या दिवशी न करपवता जेवण केलं. खरं तर पाचवा चालू होता.

त्याच सुमाराला मिठागरावर काटेबाई यायला लागली. तरुण पोर, स्कूटरवर मागे वजनाचा काटा बांधलेला, गळ्यात टेप. शहरातल्या कुठल्याशा केंद्राचं संशोधन चाललं होतं म्हणे: उन्हात आणि खाऱ्या पाण्यात राबणाऱ्या बायकांची मुलं लवकर का होतात, बारीक का होतात, का दगावतात. सगळं लिहून न्यायची, काटा घेऊन हिंडायची, म्हणून काटेबाई. पोरगी कष्टाची होती. पण तिला बसायला सावलीची जागा एकच, मुकादमाच्या बायकोच्या चहाची शेड. तिथे मुकादमाची बायको कपबशा विसळत कान टवकारून बसलेली असायची, आणि तिथेच काटेबाई बायकांना विचारायची, शेवटची पाळी कधी आली होती.

धाकटीनं सासूकडे पाहिलं.

"तिला कुठलं आठवायला," थोरली म्हणाली. "मी सांगते ना. तिसरा संपून चौथा लागलाय."

काटेबाईनं पोटावर टेप धरला, पुन्हा धरला. "मावशी, चौथ्याच्या मानानं पोट मोठं वाटतंय."

"आमच्या घरात पोटं मोठीच. हिचा नवरा माझ्या पोटात होता तेव्हा लोक विचारायचे, भोपळा गिळलास का."

शेडमध्ये हशा पिकला. काटेबाईही हसली आणि कार्डावर चौथा लिहिला. पण जाताना तिनं थोरलीला बांधावर गाठलं.

"मावशी, मी मुकादमाला काही सांगत नाही. शपथेवर. मला फक्त खरं हवं असतं. इथल्या बायका पोट दिसेपर्यंत ताकास तूर लागू देत नाहीत, आणि मूल गेलं तर मग झालंच नव्हतं अशा वागतात. मी मोजायचं काय?"

"तू तुझं मोज की बाई. आम्ही कुठं धरलंय तुला?"

"शहरात फोटो काढू पोटाचा. किती महिने ते थोडंफार तरी कळेल. माझ्या स्कूटरवर नेते."

"म्हणजे दिवस बुडाला. बघू, पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेलाही थोरली तेच म्हणाली. आणि त्याच्या पुढच्याही. काटेबाई दर वेळी टेप धरायची, दर वेळी भुवया उंचावायची, पण तिचे स्वतःचेच आधी लिहिलेले महिने कार्डावर होते. तेच पुढे मोजत गेली.

ऊन चढलं. मीठ झपाट्यानं धरायला लागलं. पहाटेपासून दोघी वाफ्यात. एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, दोघींची दंताळी मधोमध येऊन भिडायची, तिथे मिठाचा वरंबा व्हायचा, मग तो टोपलीनं बांधावर. रबरी बूट फाटलेले. टाचांना भेगा, भेगांत खारं पाणी, आणि ते पाणी असं झोंबायचं की पहिली पाच पावलं टाकताना डोळ्यांतून पाणी यायचं. मग पाय बधिर व्हायचे आणि बरं वाटायचं. धाकटीचे पाय सुजले. तिला वाकता येईना तेव्हा ती गुडघे फाकवून, पोट मांड्यांच्या मधे सोडून ओढायची. मधूनच दंताळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहायची.

"दमलीस?" थोरली विचारायची.

"नाही आई. हा आतून लाथ मारतोय, त्याचं होऊ द्यावं म्हटलं."

थोरली तिची टोपली उचलायची. स्वतःच्या ताटातलं तिच्या ताटात सारायची. रात्री तिचे पाय तेलानं चोळून द्यायची. चाळीतल्या बायका म्हणायच्या, सासू मिळावी तर अशी. थोरलीला ते ऐकवत नसे. पण कानही बंद करता येत नाहीत.

मुकादम बांधावरून जाता जाता थांबला. "काय, कितवा?"

"सातवाच लागलाय," थोरली म्हणाली.

"हिचा सातवा म्हणजे मारुतीच्या शेपटीसारखा वाढतोय," मुकादम म्हणाला आणि पुढे गेला. शेवटच्या दोन ओढी राहिल्या होत्या.

कळा सुरू झाल्या त्या भर वाफ्यात. धाकटीनं दंताळं सोडलं आणि ती खाऱ्या पाण्यातच गुडघ्यावर बसली. थोरली धावली. पोरीच्या पोटावर हात ठेवला तर पोट दगडासारखं. तिला बरं वाटलं आधी, अगदी मनापासून बरं वाटलं. सुटली एकदाची, वाफे राहिले, मूलही आलं. मुकादमानं जीप काढली. अडचणीला माणूस बरा होता तो. मुलगा पळत आला, त्याच्या हाताला राख लागलेली. चौघं आरोग्य केंद्रावर पोचली.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक सिस्टर. तीन खाटांवर आधीच तीन बायका. सिस्टर चाळिशीची, घामानं डबडबलेली, पण हात थंड आणि जपून लावणारे. तिनं कार्ड मागितलं. काटेबाईनं केलेलं कार्ड मुलानं खिशातून काढून दिलं.

"सातवा?" सिस्टरनं कार्ड पाहिलं, पोट पाहिलं. "सातव्याला एवढं? पाणी जास्त आहे का हिच्या पोटात? मावशी, नक्की सातवाच ना?"

मुकादम दारात उभा होता. घाम पुसत होता.

"सातवाच," थोरली म्हणाली.

"मग आत्ता होऊन चालायचं नाही. एवढं कोवळं पोर माझ्याकडे जगणार नाही. काचेची पेटी मोठ्या हॉस्पिटलात आहे. कळा थांबवायची गोळी देते, गाडी मागवते. ठोके चांगले आहेत बाळाचे. घाबरू नका."

धाकटीनं गोळी गिळली. मुकादम विडी ओढायला बाहेर गेला. आता थोरलीच्या आणि सिस्टरच्या मधे कुणी नव्हतं. थोरली तिच्याजवळ गेली, तोंडही उघडलं. सिस्टर फोनवर होती, कुणाशी तरी भांडत होती: पेटी मोकळी ठेवा म्हणते ना, निघालेच आहेत, माणसं आहेत की कोण आहात तुम्ही. तिनं थोरलीकडे बघून हातानं थांब म्हटलं.

थोरली थांबली, आणि त्या तेवढ्या वेळात तिनं स्वतःची समजूत घातली. खरं सांगितलं तर ही बाई पोरीला इथेच ठेवील, या कोंदट खोलीत, चौथी म्हणून जमिनीवर. खोट्यामुळे निदान मोठं हॉस्पिटल मिळतंय, डॉक्टर मिळतायत, पेटी मिळतेय. भरलेल्या मुलाला पेटीनं काय अपाय होणार? उलट चांगलंच. सिस्टरनं फोन ठेवून विचारलं, "काय म्हणत होतात?"

"पाणी मिळेल का तिला, विचारत होते."

गाडी लवकर येईना. येतेय, येतेय, असं करत उन्हं डोक्यावर आली. गोळीनं कळा मंदावल्या, पण थांबल्या नाहीत; अधूनमधून येऊन पोरीला पिळून जायच्या. धाकटी ओठ चावून पडून होती. तिला सांगितलं होतं की जोर करायचा नाही, धरून ठेवायचं. ती धरून ठेवत होती. तिच्या मांड्या थरथरत होत्या.

"आई, खाली फार दाबतंय."

"सोस थोडं. पोचू आपण."

गाडी आली, निघाली, आणि अर्ध्या वाटेत पोरीचं पाणी फुटलं. थोरलीनं पाहिलं. पाणी हिरवं होतं, शेवाळासारखं घट्ट. तिच्या स्वतःच्या दुसऱ्या मुलाच्या वेळी असंच पाणी गेलं होतं.

"थांबव गाडी!" ती ओरडली. "थांबव रे! होतंय इथेच!"

ड्रायव्हरनं गाडी रस्त्याकडेला घेतली, खाली उतरला आणि पाठ करून उभा राहिला. मुलगा बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तिचे डोळे झाकून बसला, आणि स्वतःचेही मिटून घेतले. पोरगी ओरडत होती, जोर करू का, करू का जोर, आणि थोरली म्हणाली कर, कर माझे आई, सगळा कर. गोळीनं अंग ढिलं झालेलं, त्याला वेळ लागला. खूप वेळ लागला.

मुलगी होती. लांब, भरलेली, दंडावर वळ्या, डोक्यावर दाट काळं जावळ. नखं बोटांच्या पुढे वाढलेली. निळी पडली होती. थोरलीनं तोंडात बोट घालून हिरवं काढलं, पुन्हा काढलं, पाठीवर थापट्या मारल्या, उलटी धरली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. बाळानं एक हात जरासा उघडला. मग मिटला नाही.

थोरलीनं डोक्याचं फडकं सोडलं आणि तिला पूर्ण गुंडाळलं, तोंडासकट.

"काय झालं?" मुलानं डोळे न उघडता विचारलं.

"गेलं. लवकरचं होतं. बघू नकोस." आणि धाकटीनं मान उचलली तशी म्हणाली, "तूही बघू नको, पोरी. असलं कोवळं बघवत नाही."

धाकटीचं रक्त थांबेना म्हणून गाडीला पुढे जाणं भाग होतं. मुलगा बायकोबरोबर गेला. थोरली गाठोडं घेऊन रस्त्यावर उतरली. हॉस्पिटलात नेलं असतं तर कुणीतरी फडकं उघडलं असतं. मिठागराकडे परतणारा एक रिकामा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं गाठोडं पाहिलं आणि तिला पुढे बसवलं. सगळ्या वाटेत ते गाठोडं तिच्या मांडीवर होतं. आयुष्यभर टोपल्या उचललेली बाई ती. हातात आलेलं वजन तिला कळत होतं. खड्डा आला की तिचा हात आपोआप त्याच्या मानेखाली जायचा. पाय बधिर झाले तरी तिनं मांडी बदलली नाही.

पंपाच्या पलीकडे, जिथे खारी जमीन संपते आणि दोन झुडपं उगवतात, तिथे तिनं स्वतःच्या फावड्यानं खड्डा केला. एकटीनंच. कुणी मदतीला येतो म्हणालं तर नको म्हणाली. खड्डा तिला आधी आखूड पडला. तो आणखी लांब करावा लागला, तेव्हा ती तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली.

आठवड्यानं धाकटी परत आली, पांढरीफटक. हॉस्पिटलातही कार्ड बघून सातवा महिनाच लिहिला होता. आणखी काही दिवसांनी ती वाफ्यात उतरली. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची ओढ बाकी होती आणि मुकादमानं वाफे तेवढे राखले होते.

पोरगी पूर्वी बडबडी होती. आता तिची बोलती बंद झाली. फाटके बूटही घालेना, अनवाणी खाऱ्या पाण्यात उभी राहायची, भेगा रक्ताळल्या तरी पाय बाहेर काढायची नाही. थोरलीनं बूट आणून पुढ्यात ठेवले तर म्हणाली, "राहू द्या. माझ्या अंगात काही राखायची लायकी नाही, पाय राखून काय करू?"

दूध आलं होतं. सकाळी न्हाणीत ती ते भिंतीवर पिळून टाकायची. थोरलीला बाहेर उभी असताना धारेचा आवाज यायचा. एकदा दार उघडून पोरीनं विचारलं, "आई, सात महिन्यांच्यालाही एवढं दूध येतं?"

"येतं कधीकधी," थोरली म्हणाली. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एका संध्याकाळी तिनं भिंतीआडून ऐकलं. धाकटी नवऱ्याला सांगत होती, "तुम्ही दुसरी बघा. मी काही बोलणार नाही. मला धरून ठेवता आलं नाही, सगळे सांगत होते धरून ठेव, मला नाही ठेवता आलं." मुलगा चिडून म्हणाला, गप बस. मग रडायला लागला. ती रडत नव्हती.

शेवटच्या ओढीच्या दिवशी काटेबाई आली. तिला केंद्रावर कळलं होतं. स्कूटर बांधाखाली लावून ती वाफ्याच्या कडेपर्यंत चालत आली, चिखलात बूट भरवून घेतले. धाकटीला जवळ घेतलं तर धाकटी ओंडक्यासारखी ताठ उभी राहिली.

"कुणीच वजन केलं नाही?" काटेबाईनं थोरलीला विचारलं. "चार-पाच महिने काटा बांधून हिंडतेय मी या रस्त्यानं, मावशी. आणि जेव्हा लागला तेव्हा..." तिचे डोळे भरले. तिनं ते बाहीला पुसले आणि पिशवीतून आपल्याकडचं दुसरं कार्ड काढलं. "असू दे. हातानं दाखवाल का, केवढं होतं? मला अंदाज लिहावा लागेल. आमच्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणतात, इथे अशी लवकरची जन्मून गेलेली मुलं खूप दिसतायत. दिसली तर वर सांगता येईल. पोटुशींना भरपगारी सुट्टी द्या म्हणून भांडता येईल. हिचंही त्यात धरलं जाईल."

थोरलीनं ऐकलं. म्हणजे ते खोटं आता दुसऱ्या कुणाच्या कामी येणार होतं. काही न करता, गप्प बसून. वीत-दीड वीत अंतर दाखवलं की झालं. मुकादम पलीकडच्या बांधावर उभा होता, पण आता त्याला काय, शेवटची ओढ निम्मी झाली होती; फक्त पुढच्या हंगामाचे वाफे याच संध्याकाळी वाटायचे होते.

"ताई," धाकटी एकदम म्हणाली. कित्येक दिवसांत तिनं आपण होऊन बोललेला पहिला शब्द. "कामाचं, उन्हाचं काही लिहू नका. बाकीच्या बायका पण उन्हातच असतात. माझी पिशवीच नासकी आहे. तसं लिहा. खोटं कशाला?"

थोरलीनं दंताळं खाली टाकलं. तिचे हात वर आले, मिठानं पांढरे झालेले. आधी ते जवळजवळ होते. मग ते लांब होत गेले, आणखी लांब, आणि जिथे थांबले तिथे काटेबाई बघतच राहिली.

"एवढं?"

"एवढं. वर जावळ. नखं वाढलेली."

"मावशी, हे सातव्याचं नाही."

"नाही. भरलेलं होतं. नऊच्या वर झाले होते." तिनं हात खाली घेतले नाहीत. "हिला काही माहीत नव्हतं. मी हिलाही सांगितलं नव्हतं. वाफे जातील म्हणून मी सगळ्यांना सातवा सांगितला. सिस्टरला सांगितला. तिनं पोर थांबवून धरलं, आणि ते आत गुदमरलं. हिच्या पिशवीला काही झालं नव्हतं. मी मारलं ते."

काटेबाईनं आजूबाजूच्या वाफ्यांकडे पाहिलं. तिथेही बायका वाकून ओढत होत्या, त्यांतल्या कितीजणींनी तिला काय काय सांगितलं होतं कोण जाणे. तिनं कार्ड पिशवीत परत घातलं.

धाकटी सासूच्या हातांमधल्या जागेकडे बघत होती.

"मुलगा होता?" तिनं विचारलं.

"मुलगी."

"रडली?"

"नाही. हात उघडला. एकदा."

"गाडीत तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"सिस्टर विचारत होती तेव्हा?"

"होतं, पोरी."

धाकटीनं दंताळं पाण्यात आडवं ठेवलं. थोरलीला वाटलं आता ही ओरडेल, मारेल. मारावं असंच तिला वाटत होतं. धाकटी बांधावर चढली. तिच्या टाचांतून रक्त येत होतं आणि मिठावर त्याचे ठिपके पडले.

"कुठं ठेवलीय ते दाखवा," ती म्हणाली.

"ओढ झाली की जाऊ. संध्याकाळी..." थोरलीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं आणि तिची तिलाच शिसारी आली.

धाकटी थांबली नव्हती. वाट माहीत नसताना ती पुढे चालायला लागली होती. थोरली धडपडत बांधावर चढली आणि तिच्या मागे निघाली. पलीकडून मुकादम ओरडला, "अरे, मीठ कोण काढणार? ओ थोरली! ऊन उतरलं की दगड होईल त्याचा! ऐकताय का? दुसऱ्याला देईन वाफे!" बाकीच्या बायका दंताळी धरून उभ्या राहिल्या. काटेबाई हातात काहीच न घेता त्या दोघींच्या बरीच मागे चालत होती.

पंपापाशी वाट फुटत होती. धाकटी तिथे उभी राहिली, पण वळली नाही.

"डावीकडे," थोरली मागून म्हणाली.

धाकटी डावीकडे वळली आणि चालत राहिली.